देवगडच्या खाऱ्या हवेत जुना डेस्कटॉप : लिनक्स मिंटवर एक हंगाम, एक पावसाळा

कोअर टू ड्युओ प्रोसेसर, चार जीबी रॅम, जुनीच हार्ड डिस्क. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे आधीच जाहीर झालं होतं. म्हणून आंब्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, तीही हलक्या डेस्कटॉपची, म्हणजे एक्सएफसीई आवृत्ती. पेट्यांचा हिशेब, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि बागेचे ढीगभर फोटो-व्हिडिओ, एवढंच आमचं काम.

सुरुवातीचे काही आठवडे छान गेले. मग ऐन हंगामात डेस्कटॉप डळमळायला लागला. फोटोंचं फोल्डर उघडलं की थुनार, म्हणजे इथला फाइल मॅनेजर, गोठायचा. कधी खालची पट्टीच गायब व्हायची, कधी ब्राउझर आपोआप बंद. काका म्हणाले, "अरे, जुनो झालो तो, नवीन घेऊन टाक." शेजारच्या मुलाचा सल्ला, पुन्हा इन्स्टॉल कर. मला दोन्ही पटलं नाही, कारण आधी कळायला हवं होतं की बिघाड एक आहे की दोन.

ते ओळखायची खूण सोपी आहे : तोच बिघाड त्याच जागी पुन्हा होतो का? फोल्डरचा बिघाड दर वेळी एकाच फोल्डरमध्ये व्हायचा. टास्क मॅनेजर उघडून बघितला तर टम्बलर सगळ्यात वर. फाइलींची छोटी चित्रं, म्हणजे थंबनेल, बनवणारा हा वेगळा प्रोग्रॅम आहे. पेन ड्राइव्हवरून अर्धवट कॉपी झालेल्या एका व्हिडिओवर तो अडकून बसायचा आणि मेमरी खात राहायचा. थुनारच्या प्राधान्यांमध्ये थंबनेल 'कधीच नाही' केलं, कंट्रोल-एच दाबून होममधलं लपलेलं कॅश फोल्डर उघडलं, त्यातलं थंबनेल फोल्डर रिकामं केलं आणि तो व्हिडिओ उडवला. नंतर थंबनेल पुन्हा चालू केली, पण फक्त याच कॉम्प्युटरवरच्या फाइलींसाठी. तेव्हापासून ते फोल्डर मुकाट उघडतं.

दुसरा बिघाड मात्र कुठेही व्हायचा. सिस्टिमच्या नोंदी वाचल्या तर दर वेळी वेगळाच प्रोग्रॅम कोसळलेला. कॉपी केलेली झिप फाइल मध्येच खराब निघायची. एवढं सगळं एकदम बिघडतं तेव्हा संशय रॅमवर घ्यावा. सुरू होताना शिफ्ट दाबून धरली, मेनूतून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला, आणि थोड्याच वेळात लाल ओळी यायला लागल्या.

आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. पंख्याच्या पात्यावर, खिडकीच्या गजांवर क्षार बसतो, तर कॉम्प्युटरला कोण सोडतंय! वायर काढून, हात धातूला लावून, दोन्ही रॅम बाहेर काढल्या. सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर होता. शाळेच्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासल्या, भुगा ब्रशने झाडला, खाचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू दिल्या. एकेक रॅम वेगळी लावून तपासली, मग दोन्ही एकत्र. रात्रभर चाचणी चालली, एकही लाल ओळ नाही. फाइल मॅनेजरला उगाच शिव्या देणाऱ्यांनी आधी ही एक रात्र काढावी, असं मी कळकळीने सांगेन.

पावसाळ्यात एकदा तीच लक्षणं परत दिसली, पुन्हा घासल्यावर गेली. आता पाऊस असेल त्या दिवसांत मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेवतो. त्याच वेळी मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेलही बदलला. तो संपला की तारीख मागे जाते आणि बँकेची साइट उघडायला नकार देते, मग लोक इंटरनेटला दोष देत बसतात. लाईट सारखी जाते तिथे यूपीएस हवाच, कारण फाइल सेव्ह होत असताना वीज गेली की जुन्या डिस्कवरच्या फाइली बिघडतात.

एक्सएफसीईबद्दल तक्रार जवळपास नाही. विंडो मॅनेजर ट्वीक्समधून कंपोझिटिंग, म्हणजे सावल्या-पारदर्शकतेसारखी सजावट, बंद केलं की जुन्या ग्राफिक्सवरही खिडक्या झटकन हलतात. मराठी टायपिंग उत्तम. पण ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडले की चार जीबी पुरत नाही, आणि मोठ्या रिझोल्यूशनचा व्हिडिओ अडखळतो. त्यावर सेटिंगमध्ये इलाज नाही. पुढच्या हंगामाआधी जुन्या हार्ड डिस्कऐवजी साटा एसएसडी, म्हणजे जास्त वेगवान डिस्क, बसवणार आहे. या मदरबोर्डला ती चालते, हिशेबाची फाइल उघडायला लागणारा वेळ तरी कमी होईल.