स्टँडमागचं कृषी केंद्र : उधारी नाही, पण गिऱ्हाईकाले गोल फिरू देत नाही

यवतमाळकडचा आमचा भाग, सगळी कोरडवाहू, पऱ्हाटी अन् तूर. तालुक्याले एसटी स्टँडच्या मागं हे कृषी केंद्र आहे, बरेच हंगाम झाले तिथूनच माल घेतो. चार स्टार.

बियाणं मागितलं की हा माणूस लगेच पाकीट काढत नाही, आधी विचारते जमीन हलकी का भारी, ओलित आहे का. बीजी-२ म्हणजे बीटी कापसाच्या बियाण्याच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाले 2025 मध्ये सरकारनं 901 रुपये कमाल भाव ठरवला, कंपनी कोणतीबी असो, म्हणजे भावात निवडायसारखं काही उरतच नाही, तरीबी लोकं काउंटरवर पलटतातच! आमचे साळेबुवा बीएस्सी झालेले. पहिलं वाण दुसऱ्यापेक्षा बरं म्हणे, बोंड मोठं. दुसरं तिसऱ्यापेक्षा बरं, लवकर निघते. अन् मंग तिसरं पहिल्यापेक्षा बरं, हलक्या जमिनीत चालते! मालक हसून म्हणे, "भाऊ, तुम्ही तं गोल फिरून राहिले." साळेबुवा गप्प.

बरं हे काही आपल्याच गावचं नाही. नेदरलँड्समध्ये हजारावर लोकांले कॉम्प्युटरवर 25 वेळा पैसे दोन खात्यांत वाटायले लावले अन् त्यांच्या निवडी एकमेकींशी जुळतात का ते पाह्यलं, 2014 मध्ये छापून आलं ते. जास्त शिकलेल्यांच्या जास्त जुळल्या, पण मजा पुढं आहे, ज्याच्या निवडी जुळल्या त्याच्या घरी संपत्तीबी जास्त निघाली, शिक्षण अन् कमाईचा फरक बाजूले ठेवूनबी. म्हणजे डोकं लागतेच, पण नुसत्या डोक्यानं भागत नाही. अन् डोकं तरी बारा महिने सारखं कुठं चालते? तामिळनाडूच्या ऊसवाल्या कास्तकारांची चाचणी घेतली होती, 2013 चा अभ्यास, तोच माणूस ऊस तुटायच्या आधी हात तंग असताना कमी मार्क घेते अन् पैसा आल्यावर जास्त.

मालकानं हे वाचलं असंल असं वाटत नाही, पण करते तेच. कापूस विकून खिशात पैसा असते तेव्हाच बसवून वाण ठरवून देते, एकरी खर्च चिठ्ठीवर लिहिते, अन् जूनमध्ये सोसायटीचं कर्ज, पोराची फी, पावसाची वाट हे सगळं डोक्यात घेऊन गेलं की म्हणते चिठ्ठी दाखवा. बस. काही म्हटलं तरी दुसरं पाकीट दाखवत नाही.

खताचंबी सरळ. युरियाची 45 किलोची गोणी 266.50 लाच, सोबत कोणती बाटली गळ्यात मारत नाही, दुसऱ्या एका दुकानात मले नको असलेलं टॉनिक घेतल्याशिवाय गोणीच देईना. आधार कार्ड न्या, मशीनवर अंगठा लागते.

एक स्टार कापला कारण मालक जेवायले गेला की पोरगं बसते, अन् ते रॅकवर जे समोर असंल तेच उचलून देते, चिठ्ठी दाखवली तरी. दोन ते चारमध्ये जाऊ नका.