टेम्पो ट्रेनर: २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांनी घ्यावा का?
ठरावीक वेळाने वाजून स्ट्रोकचा ताल धरून देणारं, टोपीत अडकवायचं हे बिप-बिप यंत्र फ्रीस्टाइलवाले सर्रास वापरतात, ब्रेस्टला कितपत चालतं ते मात्र कोणी धड सांगत नाही म्हणून लिहितोय. मी दादरच्या महात्मा गांधी तलावात सकाळी पोहतो, मास्टर्सवाला (मोठ्या वयाच्यांचा गट), म्हणजे स्पीडचं विसरा.

आपल्या सगळ्यांचा रोग एकच. पहिले ५० जोशात जातात आणि तिसऱ्या ५०ला मांड्या भरून येतात, ग्लाइड (किकनंतर अंग ताणून सरकणं) गायब. ब्रेस्टला हे जास्तच नडतं कारण पाय आत घेताना दर स्ट्रोकला स्पीड पडतोच, त्यात घाईने हात चालवले की किक अर्धवट राहते, दम जातो आणि माणूस जागच्या जागी. यंत्राचा खरा उपयोग इथे, पळवायला नाही, आवरायला. १.८० सेकंदाला बिप लावला की मिनिटाला ३३च्या आसपास स्ट्रोक पडतात, सुरुवातीला इतकं संथ वाटतं की चीड येते, पण शेवटच्या ५०ला तोच बिप पकडताना जीव जातो. आवरून पोहण्याचा फायदा बघायचा तर टोकियो ऑलिम्पिकची २०० ची फायनल बघा, १५० पर्यंत नेदरलँड्सचा कामिंगा पुढे, आणि ऑस्ट्रेलियाच्या स्टबलटी-कुकने शेवटच्या ५०त त्याला गाठून २:०६.३८ला गोल्ड नेलं.

१०० मीटरवाल्यांचं गणित वेगळं हं. ब्रिटनच्या अॅडम पीटीने २०१९ला ग्वांगजूच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ५६.८८ सेकंद मारले त्यात पहिले ५० २६.६३ आणि परतीचे ३०.२५, तिथे सुटायचंच असतं.

आता वैताग. भिंत सोडली की पुलआउट, म्हणजे पाण्याखाली एक ओढ, एक डॉल्फिन किक, एक ब्रेस्ट किक, तोवर हे आपलं वाजतच राहतं, वर आल्यावर पहिले एक-दोन स्ट्रोक ताल चुकतो. गॉगलच्या पट्ट्याला क्लिप लावू नका, डोकं वर-खाली होताना निसटतं, टोपीखाली कानशिलावर ठेवा. आणि गर्दीच्या लेनमध्ये पुढे एखादे काका निवांत असले की बिप कितीही वाजो, उपयोग शून्य.

स्पर्धेत लावून देत नाहीत, पेसिंगचं कुठलंच साधन नियमात बसत नाही. म्हणून आमचे सर दोन सेट बिपवर करवतात आणि तिसरा नुसते स्ट्रोक मोजत. दर लेंथला (तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत) एक-दोन स्ट्रोक वाढले तर ठीक, चार-पाच वाढले तर सरळ १.८५ वर या.