मारियामातेची फूटभर मूर्ती: प्लास्टर, फायबर की पॉलिमार्बल?

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा, सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मारियामातेचीच. दोन्हीकडच्या दुकानांत घरच्या वेदीवर मावेल अशी फूटभर मूर्ती या तीन प्रकारांत मिळते (पॉलिमार्बल म्हणजे संगमरवराची पूड रेझिनमध्ये कालवून साच्यात ओतलेलं). चेहरा तिन्हींत गोडच असतो, त्याला भुलू नका. आधी खुणा बघा.

लूर्दमाता म्हणजे पांढरा झगा, निळा कमरपट्टा, हातावर जपमाळ आणि दोन्ही पावलांवर एकेक पिवळा गुलाब. १८५८ साली फ्रान्समधल्या लूर्दला जिला मातेचं दर्शन झालं, त्या बर्नादेतने सांगितलेलं रूप ते हेच. स्वस्तातल्या प्लास्टरमध्ये गुलाब साच्यात नसतोच, वरून पिवळा ठिपका दिलेला असतो. पुसता पुसता ठिपका जातो, पट्टा फिकटतो, मग ही लूर्दची की पोर्तुगालमधल्या फातिमाची हेही सांगता येत नाही. पावलावरून नख फिरवा. गुलाब उठावाचा लागला तरच घ्या.

हात पसरलेली, पृथ्वीच्या गोलावर उभी असलेली माता १८३० च्या पॅरिसमधल्या दर्शनावरून आली. तिच्या पायाखाली साप हवा. झिजलेल्या साच्यातून तो सुतळीसारखा सपाट निघतो. ही मूर्ती प्लास्टरची घेऊच नये. हातांना आधार म्हणून आत लोखंडी तार घातलेली असेल तर पावसाळ्यात प्लास्टर ओल पितं, तार गंजून फुगते, मनगटाशी चीर जाते आणि एक दिवस पंजाच खाली येतो.

प्लास्टरच घ्यायचं तर हात जोडलेली मूर्ती घ्या आणि भिंतीपासून तीन बोटं पुढे ठेवा. ओल्या भिंतीला टेकवली की पाठीला लोणा लागतो, रंगाचे पोपडे सुटतात.

फायबर अंगणात मातेसाठी बांधलेल्या छोट्या गुहेसाठी ठीक. उन्हाने रंग मात्र पांढुरका पडतो, आणि पोकळ असल्याने वाऱ्याला कलंडते. मूर्तीच्या बैठकीत कोरडी वाळू भरून तळ बंद करा.

घरासाठी आमची पसंती पॉलिमार्बलला. वजनदार, आणि बोटं, घड्या, गुलाब रेखीव उतरतात. हनुवटीखाली हवेच्या बुडबुड्यांची भोकं लुकणाने बुजवलेली नाहीत ना, एवढं उजेडात पाहून घ्या. (संगमरवर परवडला तर उत्तम, पण मूर्तीला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोहोचतो हे नायसियाच्या धर्मपरिषदेने ७८७ सालीच सांगून ठेवलंय. दगडाच्या भावाचा त्याच्याशी संबंध नाही.)

मेणबत्ती वीतभर पुढे लावा, नाहीतर काजळी थेट हनुवटीवर. धूळ मऊ ब्रशने झाडा. चकाकीसाठी खोबरेल चोळलं की धूळ आणि काजळी दोन्ही चिकटून बसतात. प्लास्टरला साबणपाणी अजिबात नको.

बोट तुटलं तर एपॉक्सी लुकण, बारीक पॉलिशपेपर आणि अ‍ॅक्रिलिक रंग पुरतो. एवढ्याने आशीर्वाद जात नाही. दुरुस्तीपलीकडे गेलेली मूर्ती कचऱ्यात किंवा गोदेत टाकू नका, जमिनीत पुरा.