मिस मार्व्हल : नो नॉर्मल - नाव द्यायचं तर पूर्ण द्या

सुपरहिरोचं नाव जुन्या माणसाकडून नव्याकडे गेलं की जो वाद पेटतो ना, त्यात उतरण्याआधी प्रत्येकाने 'मिस मार्व्हल'चा हा पहिला खंड वाचावा असं माझं अगदी मनापासून म्हणणं आहे, कारण बाहेर लोक ज्या मुद्द्यावर भांडतात तो मुद्दा या पुस्तकात नायिका स्वतःशीच भांडते आणि तेही पहिल्याच अंकापासून. 2014 मध्ये सुरू झालेल्या मार्व्हलच्या कॉमिक मालिकेचे पहिले पाच अंक यात आहेत. लेखिका जी. विलो विल्सन, चित्रं अॅड्रियन अल्फोनाची, रंग इयन हेरिंगचे, आणि मूळ कल्पना जिच्या लहानपणाच्या किश्श्यांतून आली ती संपादक सना अमानत, जी स्वतः न्यू जर्सीत वाढलेली पाकिस्तानी-अमेरिकन. 2015 मध्ये या खंडाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

कमला खान, वय 16, जर्सी सिटी. आईवडील पाकिस्तानातून आलेले. पहिल्याच पानावर ही मुलगी दुकानात बेकनचं सँडविच नाकाशी धरून नुसता वास घेते. खायचं नाहीये तिला, धर्मात बसत नाही हे तिला पक्कं माहितीय, पण वास तरी घेऊ दे असं चाललंय, आणि बाजूला हिजाब घातलेली मैत्रीण नाकिया आणि काउंटरवर मित्र ब्रूनो. एका पानात मुलगी कळते. ती कोणत्या समाजातली आहे यावर कुठे भाषण नाही, हवं-नको मधली ओढ दाखवली की झालं. घरी आली की ती अॅव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या टोळीवर फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या पात्रांच्या स्वतः रचलेल्या गोष्टी, लिहित बसते, म्हणजे आपल्यासारखीच फॅन आहे ती, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण जुन्या हिरोंवर जीव असणारीच मुलगी पुढे ते नाव घेणार आहे.

मग ती घरच्यांचं न ऐकता रात्री पार्टीला जाते, तिथे मुलं तिची फजिती करतात, परत येताना विचित्र धुकं पसरतं, ती बेशुद्ध पडते आणि समोर तिचे लाडके हिरो उभे राहतात. कॅप्टन मार्व्हल तिच्याशी चक्क अमीर खुसरोच्या ओळींत बोलते! अमेरिकेतली सगळ्यात तगडी सुपरहिरो बाई एका देसी मुलीच्या स्वप्नात येते तेव्हा ती घरातल्या भाषेतच बोलणार, हे ज्याला सुचलं त्याला माझा सलाम. आणि तुला काय व्हायचंय असं विचारल्यावर कमला काय मागते, तर मला तुझ्यासारखं व्हायचंय. सुंदर, जबरदस्त, कमी गुंतागुंतीचं. अंगाभोवती झालेला कोष फोडून बाहेर येते तेव्हा ती खरंच कॅरोल डॅनव्हर्स (कॅप्टन मार्व्हलचं खरं नाव, आधीची मिस मार्व्हल हीच) झालेली असते, सोनेरी केस, गोरा रंग, जुना काळा पोशाख, लांब बूट, सगळं.

इथे दुसरा अंक सुरू होतो आणि माझ्या मते अख्ख्या वादावरचं सगळ्यात चांगलं लिखाण या वीसेक पानांत आहे. बूट टोचतायत, केस सारखे तोंडावर येतायत, पोशाख नको तिथे रुततोय, आणि जे मागितलं ते मिळूनही पोरीला अजिबात बरं वाटत नाहीये. तेवढ्यात मगाशी तिची टिंगल करणारी झोई पाण्यात पडते. कमलाला वडील नेहमी सांगतात ती कुराणातली आयत आठवते, एक जीव वाचवला तर साऱ्या माणसांना वाचवल्यासारखं, आणि ती हात मोठ्ठा करून (अंग ताणायची, रूप बदलायची शक्ती आता तिच्यात आलीय) झोईला पाण्यातून उचलते. वाचवलं कमलाने, पण लोकांनी पाहिली गोरी मिस मार्व्हल. चेहरा बदल असं तिला कोणी सांगितलेलं नसतं, हिरो म्हणजे अशीच दिसणारी बाई हे तिच्याच डोक्यात इतकं घट्ट बसलंय. जे लोक विचारतात की पात्र कसं दिसतं याने काय फरक पडतो, चांगली गोष्ट सांगा की, त्यांनी ही पानं शांतपणे बघावीत. फरक किती पडतो ते त्या पोरीच्या चेहऱ्यावर दिसतं.

पुढे ती स्वतःच्याच चेहऱ्याने बाहेर पडते, डोळ्यांवर मास्क, अंगात बुर्किनीवरून (अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख) बनवलेला पोशाख आणि छातीवर कॅरोलच्या जुन्या पोशाखातली ती वीज. पोशाखाचं डिझाइन जेमी मॅकेल्वीचं, आणि कॅरोलचा कॅप्टन मार्व्हलवाला पोशाखही त्याचाच, त्यामुळे दोघी एका घराण्यातल्या वाटतात. अंग झाकलेलं, पण पळता येतं, मारता येतं, घरी बघितलं तर आईला फेफरं येणार नाही असं. ती मुलगी खरंच हेच घालेल असं वाटतं, आणि असा सुपरहिरोंचा पोशाख किती वेळा बघायला मिळतो सांगा.

आता नावाबद्दल. लोकांची तक्रार असते की जुनं नाव कशाला घेता, नवीन पात्राला नवीन नाव द्या. ऐकायला रास्त आहे, पण कॉमिक्समध्ये नावं पहिल्यापासून हात बदलत आली आहेत. 1956 मध्ये बॅरी अॅलन फ्लॅश झाला तेव्हा त्याआधीचा जे गॅरिक 1940 चा होता. 1983 मध्ये टोनी स्टार्क दारूत बुडाला आणि जेम्स ऱ्होड्सने आयर्न मॅनचं चिलखत घातलं. त्यात नवं नाव दुकानात चालत नाही, ओळखीचं नाव असलं तर निदान हात पुढे होतो, ही धंद्याची खरी गोष्ट आहे. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. नाव देतात आणि मग काढून घेतात. मोनिका रॅम्बो ही काळी बाई 1982 मध्ये कॅप्टन मार्व्हल होती, अॅव्हेंजर्सची प्रमुखसुद्धा झाली, आणि नंतर ते नाव तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं, मग तिला एकामागून एक दुसरी नावं. कॅरोलला तेच नाव 2012 मध्ये मिळालं तेव्हा मोनिकाचा काळ किती जणांना आठवत होता?

2014 ते 2016 मध्ये तर रांगच लागली. जेन फॉस्टर थॉर, सॅम विल्सन कॅप्टन अमेरिका, अॅमेडियस चो हल्क, लॉरा किनी वुल्व्हरिन, रीरी विल्यम्स आयर्न मॅनच्या जागी. यातल्या काही गोष्टी खरोखर उत्तम होत्या. जेनची तर मला अतिशय आवडते, तिला कॅन्सर आहे आणि थॉर झाली की दरवेळी शरीरातलं केमोचं औषध धुऊन निघतं, म्हणजे जगाला वाचवणं तिला रोज थोडं मारतंय, आणि तरी ती हातोडा उचलते. पण जुने वाचक वैतागले तेही मला समजतं, सगळ्यांनाच द्वेषी म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. ज्याने वर्षानुवर्षं स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे मूळचा कॅप्टन अमेरिका, वाचलाय त्याच्याकडून दोन वर्षांत चार-पाच लाडकी माणसं एकदम काढून घेतली तर तो चिडणारच. आणि नव्यांचं काय झालं? स्टीव्ह 2016 मध्येच परत ढाल घेऊन हजर, 2018 मध्ये थॉरचं नाव परत ओडिनसनकडे, म्हणजे मूळच्या थॉरकडे. नवी पात्रं भाडेकरूसारखी राहिली, मालक कधीही येणार हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत. मग 2017 मध्ये मार्व्हलच्या सेल्स विभागाचे उपाध्यक्ष डेव्हिड गेब्रिएल म्हणाले की दुकानदारांच्या सांगण्यानुसार लोकांना विविधता नकोय (नंतर त्यांनी खुलासाही केला), पण जे पात्र तुम्हीच तात्पुरतं ठेवलंय त्यात वाचकाने जीव का गुंतवायचा, हे आधी सांगा ना.

कमलाचं म्हणूनच वेगळं पडतं. कॅरोल मिस मार्व्हल सोडून कॅप्टन मार्व्हल झाली, तिला बढती मिळाली, कोणी मेलं नाही, कोणाला नालायक ठरवलं नाही, आणि मिस मार्व्हल हे नाव रिकामं होतं. परत मागायला कोणी येणार नव्हतं. नवा स्पायडर-मॅन माइल्स मोरालेसचंही तसंच, 2011 मध्ये त्याच्या जगातला पीटर पार्कर मेला होता आणि मेलेलाच राहणार असं वाटत होतं, म्हणून माइल्सला श्वास घ्यायला जागा मिळाली. या दोघांचीच मुळं इतकी खोल गेली हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आणि समाजाचं चित्रण कसं करावं हेही या पुस्तकाकडून शिकण्यासारखं आहे. मशिदीत मुलींना पडद्याआड बसवलंय, नीट दिसत नाही ऐकू येत नाही, तर कमला आणि नाकिया तिथल्या तिथे शेखना, म्हणजे मशिदीतल्या धर्मगुरूंना, प्रश्न विचारतात. म्हणजे घरातली तक्रार घरातल्या माणसाने केलीय. लेखिकेने सगळं गोड गोड दाखवलं नाही आणि बाहेरच्यांना खूश करायला कोणाला राक्षसही केलं नाही. भाऊ आमिर दिवसभर नमाजात आणि कामधंदा नाही म्हणून वडील टोमणे मारतात, पण तो माणूस म्हणून वाईट नाहीये. कमला रात्रीअपरात्री घरी येते तेव्हा आई भडकते आणि वडील मात्र शेजारी बसून बोलतात, तो प्रसंग मी आवर्जून परत परत काढून वाचते.

खटकलेल्या गोष्टी पण आहेत. धुकं कुठून आलं, कोष कसला, हे नव्या वाचकाला काहीच कळत नाही, तेव्हा कंपनी इनह्यूमन्स नावाच्या मोठ्या कथानकामागे लागली होती आणि कमलाचा उगम त्यात कोंबलाय. झोई सुरुवातीला फारच साच्यातली दुष्ट गोरी मुलगी वाटते (पुढच्या खंडांत सुधारते). खलनायक इन्व्हेंटर या खंडात जेमतेम डोकावतो आणि गोष्ट ऐन रंगात तुटते, पाचव्या अंकाने काहीच मिटत नाही. चित्रांबद्दल मात्र एक शब्द वाईट नाही. अल्फोनाची माणसं लांबुडकी, वेडीवाकडी, मागच्या पाट्यांवर आणि डब्यांवर बारीक बारीक गमती लिहिलेल्या, आणि कमलाची मूठ भिंतीएवढी होते तेव्हा बाकीचं अंग तसंच किडकिडीत राहतं. हेरिंगचे फिके रंग त्यावर इतके शोभतात.

2015 च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत बसवर मुस्लिमद्वेषी जाहिराती लागल्या होत्या तेव्हा काही लोकांनी त्यावर कमलाची चित्रं चिकटवली. मालिका सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं पात्र! आणि याच कमलाला 2023 मध्ये मारलं, तेही तिच्या स्वतःच्या कॉमिकमध्ये नव्हे तर स्पायडर-मॅनच्या 26 व्या अंकात, दुसऱ्याच्या गोष्टीत. काही आठवड्यांत एक्स-मेनमध्ये परत आणलं म्हणा, पण तिच्या चाहत्यांना काय वाटलं असेल याचा विचार झाला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो धुक्यासाठी आणि अर्धवट तुटण्यासाठी. टीव्ही मालिका 2022 ची बघितली असेल तरी पुस्तक घ्याच, कारण तिथे शक्ती बांगडीमुळे जागी होते आणि अंग ताणायचं, रूप बदलायचं जे सगळं या गोष्टीचं मर्म आहे तेच गेलंय. आणि शक्यतो दुसरा खंड सोबतच मागवा, त्यात वुल्व्हरिन येतो, लॉकजॉ नावाचा अवाढव्य कुत्रा येतो, आणि घरच्यांनी ओरडा खायला म्हणून पाठवलेली कमला शेखसमोर बसते तेव्हा ते जे बोलतात ते तिने आणि आपण दोघांनीही अपेक्षिलेलं नसतं.