स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस १.८टी: व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा टिकल्या, घात केला व्हॉल्व्ह-सीट कटिंगने (आठ महिने, ९,००० किलोमीटर)

मागच्या महिन्यात जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), पवईच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो आणि इंजिन आयडलवर लंगडायला लागलं. सकाळी थंड गाडी अगदी गोड चालायची. तापमानाचा काटा मध्यावर आला आणि वर अर्धा तास रखडलं, की झटके सुरू. प्लग बदलले, कॉइल अदलाबदल करून पाहिले, फरक शून्य. मग माझा सगळा राग आठ महिन्यांपूर्वी बसवलेल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगांवर (व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या) गेला. एवढे पैसे मोजले आणि वर्षही नाही काढलं, असं घरी दोन दिवस बडबडत होतो. तो राग चुकीचा होता, पण ते पुढे.

इंजिनात काय काय केलंय ते थोडक्यात: के०४ टर्बो, १.५ बार बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब), रेव्ह लिमिट ७,४०० आरपीएम. या इंजिनात सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह, तीन इनटेक (हवा आत घेणारे) आणि दोन एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारे). म्हणजे २० स्प्रिंगा, २० रिटेनर (स्प्रिंगच्या डोक्यावरची टोपी), २० सील आणि अर्धुकं मोजली तर ४० कॉटर (रिटेनर दांडीला अडकवणाऱ्या पाचरी). चार सिलिंडरचं साधं आठ व्हॉल्व्हचं हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) करणाऱ्यापेक्षा आपला खर्च इथेच अडीचपट होतो, हे काम काढण्याआधी घरच्यांना सांगून ठेवा.

टर्बोत कडक स्प्रिंग फक्त आरपीएमसाठी लागत नाही. इनटेक व्हॉल्व्हचं डोकं साधारण २७ मिलिमीटरचं, म्हणजे क्षेत्रफळ पावणेसहा चौरस सेंटिमीटरच्या आसपास. त्याच्या पाठीवर १.५ बार दाबला की साडेआठ किलोच्या वर जोर व्हॉल्व्ह उघडायच्या दिशेने लागतो. बंद व्हॉल्व्हला स्प्रिंग सीटवर (हेडमधलं व्हॉल्व्ह टेकायचं कडं) ज्या दाबाने धरते, त्यातून तेवढं वजा धरा. पण हवी त्यापेक्षा कडक स्प्रिंग घातली की कॅमच्या लोब (व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे) आणि हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट ऑइलच्या दाबाने आपोआप भरणारे) झिजतात. म्हणून दुकानदार सांगत होता ती सगळ्यात कडक स्प्रिंग मी घेतली नाही, मधली डबल स्प्रिंग घेतली.

किट बाहेरून मागवला, कस्टम्स धरून सत्तर हजारांच्या पुढे गेला. एक्झॉस्टचे आठ व्हॉल्व्ह इन्कोनेलचे (उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू) घेतले आणि इनटेकचे बारा मूळचेच ठेवले. इनटेकला दर फेरीत ताजी हवा थंड करते, भाजून निघतो तो एक्झॉस्ट. हे पैसे वाचवल्याचं मला आजही समाधान आहे. टायटॅनियम रिटेनरचं मात्र नाही. ते हलके असतात हे खरं, पण रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला त्या चार ग्रॅमचं काय करायचं? आता उघडल्यावर पाहिलं, आतली स्प्रिंग जिथे टेकते तिथे गोल चर पडलाय, नख अडकतं. रस्त्यावरच्या गाडीला स्टीलचे रिटेनर घ्या.

पहिले सहा-सात महिने मजा आली. खंडाळ्याचा घाट चढताना गाडी वरपर्यंत न दमता ओढायची. ५डब्ल्यू-४० सिंथेटिक ऑइल दर पाच हजारांना बदलत होतो, कारण या इंजिनाला गाळ साचायची खोड आहे आणि मुंबईच्या रखडपट्टीत ऑइल नुसतं शिजतं.

तर लंगडण्याकडे येतो. घाटकोपरच्या माझ्या मेकॅनिक काकांनी इंजिन गरम असतानाच लीक-डाऊन टेस्ट (सिलिंडरमधून हवा कुठून गळते ते बघायची) लावली. तीन नंबरचा पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि मला म्हणाले, "सायलेन्सरला कान लाव." बारीक, सलग फुसफुस ऐकू येत होती. थंड झाल्यावर तीच टेस्ट केली तर जवळजवळ काही नाही. काका म्हणाले, "स्प्रिंग नाही रे ही. व्हॉल्व्ह बसतच नाहीये."

हेड उतरवलं. तीन नंबरच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या काठावर चंद्रकोरीसारखा राखाडी पट्टा होता आणि त्याच्या मधोमध केसाएवढी खाच. इन्कोनेल होता म्हणून एवढ्यावर निभावलं. स्प्रिंगा टेस्टरवर लावल्या, वीसच्या वीस. आठ महिन्यांत प्रत्येकीचा दाब किलो-सव्वा किलो उतरला होता, आणि नव्या स्प्रिंगा सुरुवातीला एवढ्या बसतातच. म्हणजे ज्यांना मी शिव्या घालत होतो त्या निर्दोष.

मग डेप्थ गेजने (खोली मोजायचं माप) व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकापासून हेडच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर घेत बसलो. याची किमान मर्यादा कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेली असते आणि ती सीट कापायच्या (व्हॉल्व्ह नीट टेकावा म्हणून कडं तासायच्या) आधी बघायची असते. त्या एका एक्झॉस्टचं अंतर मर्यादेच्या खाली गेलं होतं. सीट जास्त कापली की व्हॉल्व्ह आत बुडतो आणि त्याचं टोक वर, टॅपेटकडे सरकतं. हायड्रॉलिक टॅपेट दबून दबून किती दबणार? गरम झाल्यावर व्हॉल्व्हची दांडी वाढते, टॅपेट तळाला टेकलेला असतो, आणि व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटवर टेकल्यावरच हेडमध्ये जाते. टेकलाच नाही तर जळणारच. त्याच सिलिंडरच्या दोन इनटेकच्या स्प्रिंगांची बसायची उंचीही ०.७ मिलिमीटर जास्त निघाली. स्प्रिंग तेवढी कमी दबलेली राहते. माझ्या स्प्रिंगा मिलिमीटरभर दाबायला साधारण साडेचार किलो लागणाऱ्या, म्हणजे तिथले तीन किलो पहिल्या दिवसापासून गायब.

कुर्ल्याच्या ज्या मशीन शॉपमध्ये कटिंग केलं होतं तिथे आकडे घेऊन गेलो. "सगळ्यांना सारखाच कट मारलाय," म्हणे. मोजलं होतं का, विचारलं. "डोळ्याला कळतं ना." मग अर्ध्या मिलिमीटरने काही होत नाही, यावर तासभर वाद. एक रुपया परत मिळाला नाही. याचा मला मनापासून संताप आहे, कारण गेज तिथेच भिंतीवर टांगलेला होता.

साकीनाक्याच्या दुसऱ्या शॉपने जुनी सीट रिंग काढून नवी ठोकली आणि मर्यादेत कापली. मी समोर स्टुलावर बसून होतो. इथे स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) घालून भागत नाही हे लक्षात घ्या: शिम स्प्रिंगची उंची दुरुस्त करते, व्हॉल्व्हचं टोक खाली आणत नाही. इनटेकच्या त्या दोन स्प्रिंगांखाली मात्र शिम घातल्या, त्या अक्षरशः चहा-वड्याच्या पैशात आल्या. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सुटा मागवावा लागला.

किटबद्दल माझं मत आता असं: स्प्रिंगा आणि इन्कोनेल व्हॉल्व्ह पुन्हा घेईन, रिटेनर घेणार नाही. बजेट तुटपुंजं असेल तर रिटेनरचे पैसे वाचवून चांगल्या मशीनिस्टला द्या, आणि वीसही व्हॉल्व्हचे आकडे कागदावर लिहून दिल्याशिवाय हेड उचलू नका. माझा कागद या वेळी काकांच्या अक्षरात आहे. परवा पवईला चाळीस मिनिटं अडकलो होतो, काटा मध्यावर, एसी चालू. आयडल जागचं हललं नाही.