वित्त आयोग आणि जीएसटी परिषद: राज्यांचं कुठे जास्त चालतं?
दोन्ही संस्था घटनात्मक. एक कलम 280 ची, दुसरी 279अ ची. एवढं सगळ्यांचं पाठ असतं, गाडी अडते ती पुढे.

केंद्राच्या करांतला किती वाटा राज्यांना द्यायचा हे सुचवणारा वित्त आयोग राष्ट्रपती नेमतात. राज्यं त्याच्यापुढे निवेदनं देतात, पण निर्णयाला बसत नाहीत. पंधराव्या आयोगाने विभाज्य, म्हणजे राज्यांबरोबर वाटायच्या, करांतले 41 टक्के राज्यांना दिले. त्यात उत्तर प्रदेशाचा वाटा 17.939 टक्के, महाराष्ट्राचा 6.317. उपकर आणि अधिभार (केंद्र करांवर लावतं ती जादा आकारणी) तर या वाटणीत येतच नाहीत!

वस्तू व सेवा कराचे (जीएसटी) दर आणि नियम सुचवणाऱ्या जीएसटी परिषदेत राज्यांचे मंत्री स्वतः बसतात, मतही देतात. मात्र मतांचं गणित बघा. केंद्राचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आणि ठराव व्हायला हवेत तीन चतुर्थांश. म्हणजे सगळी राज्यं एकवटली तरी 66.7 टक्क्यांवर थांबतात. केंद्र एकटं ठराव पाडू शकतं. प्रत्यक्षात बहुतेक निर्णय सहमतीने होतात. पहिलं मतदान झालं ते डिसेंबर 2019 मध्ये, तेही लॉटरीच्या करावरून.

तरीही माझं माप परिषदेकडे झुकतं. तिथे राज्याला निदान तोंडावर ‘नाही’ म्हणता येतं. शिवाय परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेच 2022 मध्ये सांगितलंय.