गोव्यातल्या हवेत रोजची ब्रा कोणती: सुती शिवणीची की फोमच्या कपची?

जून ते सप्टेंबर दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत आणि मार्च-एप्रिलपासून घामाच्या धारा. गोव्यात ब्रा घेताना आधी हे पाहावं, रंग आणि लेस नंतर. चार घ्यायच्या असतील तर तीन बिनपॅडच्या सुती आणि एकच फोमच्या कपची, असा आमचा स्पष्ट सल्ला.

शिवणीचे सुती कप धुऊन पिळल्यावर पंख्याखाली बहुधा रात्रभरात वाळतात. फोम पाणी धरून ठेवतो. बाहेरून कोरडा लागतो, पण कपाच्या तळाशी, वायरीच्या कडेला, बोटाने दाबलं की ओल कळते. तीच ब्रा सकाळी घाईत घालून स्कूटरवरून पणजी गाठली की ओल आणि घाम मिळून स्तनाखालच्या घडीत खाज, लाल चट्टे, पुढे बुरशी. चट्टे हटत नसतील तर डॉक्टरांना दाखवावं, नुसती पावडर थापत राहू नये.

सुतीचेही दोष आहेत. निव्वळ सुती कप लवकर सैलावतो, म्हणून लेबलवर थोडं इलास्टेन (ताणणारा धागा) असलेला घ्यावा; पाच ते दहा टक्के पुरे. घट्ट टी-शर्टमधून शिवण दिसते, तिथे फोम सरस. चवथीला दिवसभर साडीत, त्यातही अर्धा वेळ चुलीपुढे जाणार असेल, तर मात्र सुतीच. ब्लाउजला शिंपिणीने आधीच पॅड लावले असतील तर वर फोमचा दुसरा थर कशाला?

फोमच्या कपाचा आकार ठरलेला असतो. तो अंगाप्रमाणे बदलत नाही. वरच्या कडेला पोकळी राहिली की कप मोठा झाला असं वाटतं आणि लहान साइझ घेतली जाते. आधी पुढे वाकून, हात घालून बाजूचा भाग कपात नीट घ्यावा. तरीही पोकळी राहिली तर आकार जुळत नाही; कमी उंचीचा कप किंवा शिवणीचा कप घालून पाहावा.

वायर हवी का? भरलेल्या अंगाला ती छान उचलून धरते, पण तिने बरगडीवर बसायला हवं. काखेजवळच्या टोकावर दाबून पाहा: खाली मऊ लागलं तर कप लहान. मधला तुकडाही छातीला चिकटून बसला पाहिजे. हे जमत नसेल तर छातीभोवती रुंद पट्टा असलेली बिनवायरची बरी.

साइझमध्ये सर्वात जास्त घोळ होतो. टेप स्तनाखाली घट्ट धरून, श्वास सोडून इंच मोजा आणि जवळचा सम आकडा घ्या: हा पट्टा. मग सर्वांत भरलेल्या भागावर सैल टेपने मोजा. फरक 1 इंच असेल तर कप ए, 2 बी, 3 सी, 4 डी. खाली 32 आणि वर 36 भरलं तर 32 डी. जुन्या पद्धतीने खालच्या मापात चार मिळवणारे विक्रेते याच मापाच्या बाईला 36 चा पट्टा देतात. मग पट्टा पाठीवर चढतो, बाई खांद्याच्या पट्ट्या आवळते आणि खांद्यावर वळ उठतात. वजन मुख्यतः पाठीच्या पट्ट्याने पेलायचं असतं. दुकानात 32 डी नसेल तर 34 सी मागा. पट्टा थोडा सैल, कप तेवढाच. ब्रँडनुसार फरक पडतो, म्हणून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घालून न बघता घेतलेली स्वस्तातली ब्रा बहुधा महागात पडते. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे आणि पट्ट्याखाली दोनच बोटं जावीत. इलॅस्टिक सैलावलं की आतले हूक उपयोगी पडतात.

धुताना थंड पाणी, सौम्य साबण, दहा-पंधरा मिनिटं भिजवणं पुरे. ब्लीच आणि फॅब्रिक सॉफ्टनर नको, दोन्ही इलॅस्टिकला मारतात. फोमची ब्रा पिळू नये; टॉवेलात दाबून पाणी काढावं, कप एकमेकांत दुमडू नयेत. वाळत घालताना मधल्या तुकड्यावर किंवा पट्ट्यावर टांगावी. खांद्याच्या पट्ट्यांवर टांगली तर पाण्याच्या वजनाने त्या ताणतात. मशीनच वापरायचं असेल तर हूक लावून जाळीच्या पिशवीत टाका. समुद्रात भिजलेली ब्रा आधी गोड्या पाण्यात खळखळून घ्या.

एकच ब्रा सलग दोन दिवस घालू नये, इलॅस्टिकला मूळ जागी यायला वेळ लागतो. सर्वांत आतल्या हुकावरही पट्टा वर सरकू लागला की ती बाद. हुकांवरचा लेप उडून गंजाचे तपकिरी डाग पडायला लागले, तर हूकपट्टी शिंपिणीकडून बदलून घेता येते. सैल इलॅस्टिकसाठी तो खर्च करू नका.